पुरात भिजलेले फोटो आणि मोफत मिळणारे ‘जिम्प’

२२ जुलै २०२१ रोजी पुराचे पाणी महाडच्या बाजारपेठेत शिरले, तेव्हा दुकानांतल्या मालाबरोबर घराघरांतील कपाटे, लोखंडी पेट्या आणि त्यांत जपून ठेवलेले आल्बमही चिखलात गेले. त्याच पावसात तळीयेवर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर-सुतारवाडीवरही तोच प्रसंग आला. मालाचे नुकसान माणूस हळूहळू भरून काढतो. पण गेलेल्या माणसाचा एकुलता एक फोटो भिजला, तर तो कोणत्याही घाऊक बाजारात मिळत नाही. आपल्या कोकणी मुस्लिम घरांतून कोणी कुवेतला, कोणी दुबईला, त्याआधीच्या पिढीत कोणी थेट केपटाउनला गेलेले. अशा घरांत नातवंडांना दादांची ओळख पटते ती एखाद्या जुन्या फोटोवरूनच.

असा फोटो घेऊन गिऱ्हाईक स्टुडिओत किंवा डीटीपीच्या दुकानात येते, आणि आपला माणूस म्हणतो, “हे काम मुंबईला होईल, आपल्याकडे ते सॉफ्टवेअर नाही.” आमचे म्हणणे असे की हे काम महाडच्या बाजारात किंवा पोलादपूरच्या एस. टी. स्टँडजवळच्या छोट्या दुकानातही होण्यासारखे आहे, आणि त्यासाठी लागणारे सॉफ्टवेअर कायदेशीररीत्या फुकट मिळते. घोडे अडते ते शिकण्यापाशी. कोणाला विचारायचे आणि काय विचारायचे, हेच ठाऊक नसते. त्या दोन गोष्टींची माहिती येथे देत आहोत.

सॉफ्टवेअरचे नाव ‘जिम्प’. अमेरिकेत बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या स्पेन्सर किंबॉल आणि पीटर मॅटिस या दोन विद्यार्थ्यांनी १९९५ साली ते लिहावयास घेतले आणि १९९६ मध्ये लोकांसाठी खुले केले. तेव्हापासून जगभरातील स्वयंसेवक ते वाढवीत आले आहेत. ते कितीही संगणकांवर टाका, धंद्यासाठी वापरा, दुसऱ्याला कॉपी करून द्या. परवान्यात या सर्वाला मुभा आहे. ‘फुकट आहे म्हणजे हलके असणार’ ही आपल्याकडची समजूत येथे लागू पडत नाही.

याउलट आपल्या बहुतेक दुकानांत काय चालते, ते आपण सर्व जाणतो. कोणीतरी पेनड्राइव्हवर ‘क्रॅक’ केलेले फोटोशॉप आणून देतो आणि त्यावर वर्षानुवर्षे धंदा होतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातील कलम ६३ब वाचून पाहावे. चोरीची प्रत आहे हे माहीत असून ती संगणकावर वापरणाऱ्यास किमान सात दिवस ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड सांगितला आहे. धंद्यासाठी वापर नसेल तर न्यायालय कैद माफ करू शकते; दुकानदाराला ती सवलत नाही. शिवाय २०१३ पासून अ‍ॅडोबने आपली नवी सॉफ्टवेअर भाड्याने देण्याची पद्धत धरली, म्हणजे पैसे भरणे थांबले की काम थांबले. ज्याच्याकडे वर्षभर भरपूर काम आहे त्याने ते भाडे जरूर भरावे. लग्नसराईत चार महिने काम आणि पावसाळ्यात हात रिकामे, अशांनी जिम्पचा विचार करावा. कमाई स्वच्छ राहते, हा फायदा आपल्या वाचकांना वेगळा सांगावयास नको.

मदत मराठीत मिळते

मुंबईच्या आयआयटीने ‘स्पोकन ट्युटोरियल’ नावाचा उपक्रम उभा केला. केंद्र सरकारच्या निधीतून, मोफत सॉफ्टवेअर शिकविणारे साधारण दहा-दहा मिनिटांचे ध्वनिचित्र धडे त्यात तयार झाले. त्यांत जिम्पची स्वतंत्र मालिका आहे आणि तिचे धडे मराठी आवाजातही आहेत. मूळ धडे जर्मनीतील ब्रेमेन शहरातून रोल्फ स्टाइनॉर्ट यांनी ‘मीट द जिम्प’ या नावाने केलेल्या चित्रफितींवर बेतलेले आहेत. ब्रेमेनच्या माणसाचे शिकविणे पवईमार्गे मराठी होऊन सावित्रीच्या खोऱ्यात यावे, ही गंमतच म्हणायची.

हे धडे उतरवून घेऊन इंटरनेट नसतानाही पाहता येतात. घाटाकडील गावांत जेथे मोबाइलची रेंज डोंगराच्या मर्जीवर असते, तेथे ही मोठी सोय आहे. पाहण्याची पद्धतही त्यांनीच सांगितली आहे. अर्ध्या पडद्यावर धडा, अर्ध्या पडद्यावर जिम्प. ते जेवढे करतात तेवढे थांबवून आपण करावयाचे. नुसते पाहत बसणारा काही शिकत नाही. घरी बसून मेंदीची डिझाइन किंवा भरतकामाचे नमुने तयार करणाऱ्या भगिनींनाही ही पद्धत सोयीची आहे, कारण क्लासला जाण्याची गरज पडत नाही.

एक सावधगिरी मात्र हवी. धडे जुन्या आवृत्तीवरचे आहेत. २०१२ च्या २.८ आवृत्तीपासून सगळे एका खिडकीत ठेवण्याची सोय आली, आणि मार्च २०२५ मध्ये ३.० आवृत्ती आली. अवजारेही आता एकेका चौकोनात गटाने ठेवलेली असतात. त्यामुळे धड्यात दिसणारे ‘हील’ तुमच्या पडद्यावर दिसले नाही तर घाबरू नये. ‘क्लोन’च्या चौकोनावर माउसचे बटण दाबून धरावे, ते आत सापडते. संगणक जुना, विंडोज ७ चा असेल तर २.१० आवृत्ती घ्यावी, ३.० ला विंडोज १० किंवा त्यापुढचे लागते.

दुसरी मदत सॉफ्टवेअरच्या पोटातच आहे. की-बोर्डवरील तिरक्या रेघेचे बटण, म्हणजे ‘स्लॅश’, दाबले की एक छोटी चौकट उघडते. तिच्यात अवजाराचे नाव टाइप केले की ते कोठे आहे हे शोधत बसावे लागत नाही. एफ-१ दाबले की पुस्तिका उघडते. मेनू इंग्रजीतच ठेवावेत असा आमचा सल्ला आहे, कारण शिकविणारे बहुतेक इंग्रजी नावेच घेतात.

आणि नावांतच खरी मेख आहे. गिऱ्हाईक म्हणते “अक्षरांना सावली दे”, आपण शोधत बसतो ‘शॅडो’. जिम्पमध्ये ते ‘ड्रॉप शॅडो’ या नावाने फिल्टरांत आहे. अक्षरांना वेगळ्या रंगाची कडा हवी असेल तर तिला ‘आउटलाइन’ म्हणतात, ३.० मध्ये ती अक्षरांच्या अवजारातच आली आहे. पाठीमागचे दृश्य धूसर करणे म्हणजे ‘गॉशियन ब्लर’. फोटोशॉपवर हात बसलेल्यांना आणखी एक अडचण येते. तेथील ‘मॅजिक वाँड’ येथे ‘फझी सिलेक्ट’ होतो, आणि क्लोन करताना तेथे ऑल्ट दाबतात तर येथे कंट्रोल. एवढ्या एका बटणामुळे “जिम्प चालत नाही” म्हणून ते काढून टाकणारे लोक आहेत!

ब्रश फिरविला तरी काही उमटत नाही, ही तक्रार सर्वांत जास्त ऐकू येते. अशा वेळी दोन गोष्टी पाहाव्यात. कोठेतरी जुनी निवड शिल्लक असते. शिफ्ट-कंट्रोल-ए दाबून ती सोडवावी. नाहीतर आपण भलत्याच लेयरवर उभे असतो. बाजूच्या सगळ्या पट्ट्या अचानक गायब झाल्या तर चुकून टॅब दाबले गेले आहे. पुन्हा टॅब दाबावे. आणि ‘सेव्ह’ केल्यावर जेपीजी मिळत नाही, कारण सेव्ह फक्त जिम्पच्या स्वतःच्या एक्ससीएफ प्रकारात होते. जेपीजी किंवा पीएनजीसाठी ‘एक्स्पोर्ट’ करावे लागते. दोन्ही ठेवावेत; गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी बदल सांगणारच.

भिजलेला फोटो : संगणकाआधी पाणी

आता मूळ कामाकडे वळू. फोटोचा निम्मा जीव संगणकावर जाण्याआधीच वाचतो किंवा जातो. चिखलाचा फोटो कापडाने पुसू नये. ओल्या फोटोवर चित्राचा थर लिबलिबीत झालेला असतो, तो पुसण्याने निघून येतो. थंड स्वच्छ पाण्याच्या परातीत फोटो हलकेच बुडवून चिखल सुटू द्यावा आणि चित्राची बाजू वर ठेवून सावलीत वाळवावा. एकमेकांना चिकटलेले फोटो ओले असेपर्यंतच पाण्यात सुटतात. वाळल्यावर ओढले तर दोन्ही जातात. ही युक्ती स्टुडिओत धुतलेल्या कागदी फोटोंची आहे. घरच्या इंकजेट प्रिंटरवर काढलेला फोटो पाण्यात टाकला तर शाईच वाहून जाईल. फ्रेमच्या काचेला चिकटून वाळलेला फोटो सोडविण्याच्या भानगडीत पडू नये. काचेसकट स्कॅनरवर ठेवावा.

स्कॅन ६०० डीपीआयवर करावा. पासपोर्ट आकाराचा फोटो मोठा करावयाचा असेल तर १२०० वर. फोटो काळा-पांढरा असला तरी स्कॅन रंगीत करावा. हे ऐकून पुष्कळांना नवल वाटते, पण सारी किमया येथेच आहे.

चिखलाचा किंवा जुनेपणाचा डाग पिवळट-तपकिरी असतो. असा डाग निळा प्रकाश शोषतो, लाल प्रकाश बराचसा परत पाठवितो. संगणक प्रत्येक रंगीत चित्र लाल, हिरवे आणि निळे अशा तीन थरांत साठवितो. म्हणजे तोच डाग निळ्या थरात काळाकुट्ट दिसतो, तर लाल थरात जवळजवळ दिसतच नाही. जिम्पमध्ये ‘कलर्स’ मेनूत ‘कॉम्पोनंट्स’, त्यात ‘डीकम्पोज’ घ्यावे. नवे चित्र उघडते आणि त्यात तीन करडे लेयर असतात. एकेक झाकून पाहावेत. काळ्या-पांढऱ्या फोटोवरील चिखलाच्या डागासाठी लाल लेयर ठेवावा, बाकीचे टाकून द्यावेत. तासभर ब्रश घासून जे झाले नसते ते एका मिनिटात होते. फोटोवर निळी शाई उतरली असेल तर हिशेब उलटा. तेथे निळा लेयर उपयोगी पडतो.

यानंतर ‘लेव्हल्स’. चौकटीत डोंगरासारखा एक आलेख दिसतो. विटलेल्या फोटोत हा डोंगर मध्येच गोळा झालेला असतो, दोन्ही बाजू सपाट. खालच्या काळ्या आणि पांढऱ्या त्रिकोणांना डोंगराच्या दोन पायथ्यांशी आणून ठेवले की फोटोत जीव येतो. आखातातून आलेले सत्तर-ऐंशीच्या दशकांतील रंगीत फोटो लालसर पडलेले असतात, कारण त्यांतील निळसर-हिरवा रंग आधी उडतो. त्यांना ‘कलर्स’मधील ‘ऑटो’, त्यात ‘व्हाइट बॅलन्स’ एकदा लावून पाहावे. नेहमी जमते असे नाही, पण सुरुवात चांगली होते.

मग बुरशीचे ठिपके, ओरखडे, भेगा. हे काम मूळ लेयरवर कधीही करू नये. वर एक रिकामा लेयर घ्यावा, अवजाराच्या पर्यायांत ‘सॅम्पल मर्ज्ड’वर खूण करावी आणि दुरुस्ती त्या रिकाम्या लेयरवर करावी. चुकले तर तेवढेच पुसता येते. सपाट जागेतील ठिपक्यांना ‘हील’ वापरावे: कंट्रोल दाबून शेजारच्या चांगल्या जागेवर टिचकी, मग डागावर टिचकी. शेरवानीची कड, टोपीची कड, चष्म्याची दांडी अशा ठिकाणी हील काळपट डाग पाडते. तेथे ‘क्लोन’ घ्यावे. ब्रश डागाहून किंचितच मोठा असावा. घाईने मोठा ब्रश फिरविला की गाल मेणाच्या बाहुलीसारखे दिसू लागतात.

काही जुन्या फोटोंच्या कागदाला रेशमी जाळीचा पोत असे. स्कॅन केल्यावर त्यावर हजारो ठिपके चमकतात. यावर जुनी युक्ती आहे. फोटो एकदा सरळ आणि एकदा उलटा, म्हणजे खालची बाजू वर करून स्कॅन करावा. दुसरा स्कॅन जिम्पमध्ये फिरवून पहिल्यावर तंतोतंत बसवावा आणि वरच्या लेयरची ‘ओपॅसिटी’ पन्नास करावी. स्कॅनरचा दिवा एका बाजूने पडतो, म्हणून दोन्हींतील चमक वेगवेगळी असते आणि ती एकमेकींना बरीचशी मारते. बसविताना डोळे दुखतात, हे खरे.

मोठी जागा फाटून गेली असेल तर ‘रीसिंथसायझर’ नावाचे जोड-अवजार शेजारचा पोत पाहून भोक भरते. फ्रान्समधील काँ शहरातल्या संशोधन-प्रयोगशाळेने केलेले ‘जीमिक’ घेतले तर शेकडो इफेक्ट एकदम मिळतात. त्यांतील दहा-बाराच कामाचे, बाकीची आतषबाजी. दोन्ही फुकट आहेत, पण आपल्या जिम्पच्या आवृत्तीशी जुळणारेच उतरवून घ्यावे.

चेहरा गेला असेल तर काय? हल्ली मोबाइलवर कृत्रिम बुद्धिमत्तेची अ‍ॅप निघाली आहेत. ती क्षणात चेहरा लख्ख करून देतात, पण जेथे मूळ चित्र नाही तेथे ती आपल्या मनाचे नाक-डोळे बसवितात. फोटो सुंदर येतो. माणूस दुसराच असतो. मुलगा तो फोटो पाहून गप्प राहिला तर समजावे. त्याच माणसाचा दुसरा एखादा फोटो, मग तो निकाहाच्या गर्दीतला का असेना, नातेवाइकांकडून मागवावा आणि त्यातला भाग गिऱ्हाइकाला सांगून घ्यावा. तेही नसेल तर गेलेला भाग फिकट सोडून देणे बरे.

मराठी आणि उर्दू अक्षरे

लग्नपत्रिकेचे काम करणाऱ्यांसाठी थोडक्यात. श्रीलिपीच्या जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये टाइप केलेला मजकूर जिम्पमध्ये चिकटविला तर भलतीच अक्षरे येतात, कारण जिम्पला युनिकोड लागते. मुंबईच्या ‘एक टाइप’ने केलेले ‘मुक्त’ आणि ‘बलू’ हे फाँट मोफत आहेत, जोडाक्षरेही नीट येतात. उर्दूसाठी गुगलचा ‘नोटो नस्तालीक उर्दू’ चालतो आणि अक्षरे उजवीकडून डावीकडे आपोआप बसतात. पण संपूर्ण पत्रिका जिम्पमध्ये रचू नये. त्यासाठी ‘इंकस्केप’ हे दुसरे मोफत सॉफ्टवेअर किंवा तुमचे नेहमीचे कोरलड्रॉ बरे. जिम्पमधून फक्त सजविलेले चित्र न्यावे. छापखान्यात देण्याआधी एक नमुना काढून रंग पाहावा, कारण जिम्प मुळात पडद्याच्या तीन रंगांत काम करते आणि छपाई चार शायांत होते.

विचारताना

जाणत्या माणसाला विचारताना “फोटो नीट होत नाही” एवढेच म्हटले तर उत्तर मिळत नाही. जिम्पची आवृत्ती कोणती, विंडोज कोणते, कोणते अवजार घेतले, काय व्हावयास हवे होते आणि काय झाले, हे चार ओळींत लिहावे आणि पडद्याचा फोटो जोडावा. मात्र तो जोडताना गिऱ्हाइकाचा चेहरा बाहेर जाणार नाही हे पाहावे. घरातील स्त्रियांचे फोटो लोक विश्वासाने आपल्या हाती देतात. डाग असलेला कोपरा तेवढा कापून पाठविला तरी सांगणाऱ्याला पुरतो.

पुरानंतर लोक फोटोंबरोबर भिजलेला निकाहनामा, जन्माचा दाखला, सातबाराही आणतात आणि म्हणतात, “एवढी पुसट अक्षरे गडद करून द्या.” वाचता यावे म्हणून स्कॅन उजळून देणे वेगळे, गेलेला आकडा किंवा नाव आपल्या हाताने भरणे ही बनावट कागदपत्रे होतात, मग हेतू कितीही चांगला असो. अशा गिऱ्हाइकाला ज्या कार्यालयाने तो कागद दिला तेथून नक्कल काढावयास सांगावे आणि हात जोडून परत पाठवावे.

कामाचा दर फोटोमागे न ठरविता वेळेवर ठरवावा. ठिपक्यांचा फोटो अर्ध्या तासात होतो, चेहऱ्यावर भेग गेलेला दोन दिवस खातो. आधी डीकम्पोज करून गिऱ्हाइकासमोर लाल थर दाखवावा आणि मगच आकडा सांगावा. मूळ फोटो त्याच दिवशी परत द्यावा, दुकानात ठेवू नये. स्कॅन आणि एक्ससीएफ फाइलींची एक प्रत दुकानाबाहेर, उंचावरच्या एखाद्या नातेवाइकाच्या घरी हार्डडिस्कवर असावी. २०२१ मध्ये पाणी आले तेव्हा टेबलावरचे संगणक आणि त्यांच्या शेजारी ठेवलेल्या डिस्का एकाच वेळी बुडाल्या. मराठी धडे आणि जिम्पची फाइल मे महिन्यातच त्या डिस्कवर उतरवून ठेवावी, जुलैत वीज आणि रेंज दोन्हींचा भरवसा नसतो.